रोग्याची निवड की रोग्याची लाचारी?

(कुटुंब-मेळाव्यात दिलेले व्याख्यान)

घरात जोंधळे आणावयाचे असले म्हणजे आपली आई काय करते ते जरा आठवा. ती दुकानातील पोत्यात हात घालते, मूठभर दाणे तळहातावर पसरते, एखादा दाणा दाताखाली धरून फोडते, भाव विचारते, शेजारच्या दुकानी जाऊन पुन्हा भाव विचारते आणि मगच पदराची गाठ सोडते. पायलीभर धान्य घेताना एवढी सावधगिरी बाळगणारे आपण, घरातील माणूस आजारी पडला म्हणजे मात्र जे दार प्रथम दिसेल त्या दारात शिरतो. तेथे मागतील तेवढे पैसे देतो, सांगतील तेथे सही करतो किंवा अंगठा उठवतो, आणि घरी परत येतो तो कर्ज घेऊनच परत येतो. असे का व्हावे? धान्याच्या बाबतीत शहाणी असणारी माणसे औषधाच्या बाबतीत एकाएकी अडाणी होतात काय? या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा मी आज प्रयत्न करणार आहे.

रोगी कोणत्या डॉक्टरकडे जातो, कोणत्या रुग्णालयात दाखल होतो, हे वरवर पाहता त्याच्या मर्जीवर अवलंबून दिसते. "तुम्हीच आमच्याकडे आलात, आम्ही काही बोलावले नव्हते," हे वाक्य मी न्यायालयात अनेकदा ऐकले आहे. परंतु ज्याच्या खिशात पैसा नाही आणि ज्याच्या कानी माहिती नाही, त्याने केलेल्या निवडीस निवड म्हणता येत नाही. ती लाचारी होय. ही लाचारी दोन पायांवर उभी आहे: एक पाय उत्पन्नाचा आणि दुसरा अज्ञानाचा. पहिला पाय एका दिवसात मोडणे आपल्या हाती नाही. दुसरा मात्र आपण आजपासून मोडू शकतो, एवढेच मला आपणांस पटवून द्यावयाचे आहे.

माझ्या घरची गोष्ट

दुसऱ्याचे दोष सांगण्यापूर्वी स्वतःची चूक सांगावी, हे बरे. २००९ साली एका रात्री माझ्या वडिलांच्या छातीत कळा येऊ लागल्या. वडिलांनी जन्मभर गवंड्याच्या हाताखाली काम केले होते आणि आता त्यांचे अंग थकले होते. मी वकिलीची परीक्षा उत्तीर्ण झालो होतो खरा, परंतु एका ज्येष्ठ वकिलांच्या कार्यालयात विनावेतन उमेदवारी करीत होतो. आम्ही रिक्षा थांबवली. रिक्षावाल्याने विचारले, "चांगल्या दवाखान्यात नेऊ ना?" मी होकार दिला. कोणते रुग्णालय चांगले हे मी ठरवले नाही. ते रिक्षावाल्याने ठरवले.

तेथील खिडकीवर तीस हजार रुपये अनामत भरण्यास सांगण्यात आले. आईने गळ्यातील मणी काढून दिले. उरलेली रक्कम भिशीतून आणि शेजाऱ्यांकडून उभी केली. अकरा दिवसांनी वडील बरे होऊन घरी आले, याबद्दल तेथील डॉक्टरांचे ऋण मी आजही मानतो. पण त्या वर्षी माझ्या धाकट्या बहिणीचा परिचारिकेच्या अभ्यासक्रमात प्रवेश व्हावयाचा होता. तिच्या शुल्कासाठी बाजूस ठेवलेली रक्कम देयकात गेली, आणि तिचा प्रवेश राहिला तो कायमचाच राहिला. आज ती दुसऱ्यांच्या घरी आजारी माणसांची शुश्रूषा करते, पण परिचारिकेचे प्रमाणपत्र तिच्याजवळ नाही.

पुढे तीन वर्षांनी एका पक्षकाराच्या कामासाठी मी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात कागद चाळीत बसलो होतो. तेव्हा मला कळले की, ज्या रुग्णालयात आम्ही मणी गहाण टाकून पैसे भरले ते नोंदणीकृत सार्वजनिक विश्वस्त संस्थेचे होते. गरीब रुग्णांसाठी काही खाटा राखून ठेवणे त्यास बंधनकारक होते. तातडीच्या प्रसंगी अशा रुग्णाकडून अनामत मागण्यास मनाई होती. आणि आमच्या घरचे उत्पन्न त्या काळच्या मर्यादेत बसत होते. आम्हांस हे तेथे कोणी सांगितले नाही, हा त्यांचा दोष. परंतु मी विचारले नाही, हा माझा. काळा कोट अंगावर असलेल्या माणसाची ही कथा, तर ज्याने शाळेचे तोंड पाहिले नाही त्याची काय गत होत असेल, याचा आपणच विचार करावा.

उत्पन्नाचा पाय

आता पहिल्या कारणाकडे वळू. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५ व्या फेरीत, म्हणजे जुलै २०१७ ते जून २०१८ या काळात, देशभर या विषयाची पाहणी झाली. बाळंतपण वगळता रुग्णालयात एकदा दाखल होण्याचा सरासरी वैद्यकीय खर्च शासकीय रुग्णालयात ग्रामीण भागात ४,२९० रुपये व शहरात ४,८३७ रुपये आढळला. खासगी रुग्णालयात हाच खर्च ग्रामीण भागात २७,३४७ रुपये आणि शहरात ३८,८२२ रुपये होता. म्हणजे खासगी दारातून आत गेलेल्यास सहापट ते आठपट खर्च आला. असे असूनही दाखल होणाऱ्यांपैकी खासगी रुग्णालयात जाणारे ग्रामीण भागात निम्म्याहून अधिक आणि शहरात सुमारे साठ टक्के होते.

हे आकडे ऐकून कोणी म्हणेल, "पाहा, लोकांना स्वस्तातले नको असते, त्यांना झगमगाट हवा असतो." हा आरोप वरवरचा आहे. रोजंदारीवर जगणाऱ्या बाईचा हिशोब करून पाहा. तालुक्याच्या शासकीय रुग्णालयात जावयाचे म्हणजे सकाळची एसटी गाठावयाची, केसपेपरसाठी एक रांग, तपासणीसाठी दुसरी, रक्तासाठी तिसरी आणि औषधासाठी चौथी. दुपार टळते. रक्ताचा अहवाल उद्या मिळणार, म्हणजे उद्याचाही रोज बुडाला. सोबत नवरा किंवा मुलगा आला असेल तर त्याचाही बुडाला. उलट वस्तीच्या तोंडावर बसलेला 'डॉक्टर' संध्याकाळी आठ वाजताही भेटतो, उधारीवर सुई टोचतो आणि नावाने हाक मारतो. बाईने दोन खर्च तोलून पाहिले आणि तिच्या हिशोबाप्रमाणे जवळचा दवाखाना स्वस्त पडला. फुकट उपचार हा गरिबास फुकट पडत नाही. त्याची किंमत तो रोजाच्या रूपाने मोजतो. पगारी माणूस आजारपणाची रजा घेतो. मजुरास रजा नसते, त्याला खाडा असतो.

यात आणखी एक सत्य आहे आणि ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. मध्य प्रदेशाच्या ग्रामीण भागात संशोधकांनी प्रशिक्षित माणसांना रोगी म्हणून निरनिराळ्या डॉक्टरांकडे पाठवले व काय घडते ते नोंदवले. हा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात असे दिसून आले की, एकच डॉक्टर शासकीय दवाखान्यात रोग्यास जेवढा वेळ देतो, त्याहून अधिक वेळ तो स्वतःच्या खासगी दवाखान्यात देतो, अधिक प्रश्न विचारतो आणि योग्य उपचारही अधिक वेळा करतो. तेव्हा शासकीय दवाखान्यात आपली विचारपूस नीट होत नाही, ही गरीब माणसाची तक्रार केवळ कल्पनेची नाही. त्याची निवड चुकत असेल, पण ती मूर्खपणाने चुकत नाही.

परंतु वस्तीच्या तोंडावरचा तो 'डॉक्टर' कोण आहे? जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली, २००१ च्या जनगणनेच्या आधारे, एक अहवाल प्रसिद्ध केला. भारतात ॲलोपॅथीचा व्यवसाय करणाऱ्यांपैकी ५७.३ टक्के लोकांजवळ वैद्यकीय शिक्षणाची कोणतीही पात्रता नव्हती, असे त्यात नमूद आहे. म्हणजे दर दहा जणांत पाच-सहा जण पदवीवाचून सुई टोचीत होते. त्यांच्या दारात श्रीमंताची गाडी उभी राहत नाही. तेथे आपल्याच माणसांच्या चपला असतात.

अज्ञानाचा पाय

आता दुसरे कारण. जोंधळ्याचा दाणा आपण फोडून पाहू शकतो. औषधाचा गुण आपणांस घेण्यापूर्वी पाहता येत नाही, आणि पुष्कळदा घेतल्यानंतरही कळत नाही. ताप औषधाने उतरला की तिसऱ्या दिवशी आपोआप उतरावयाचा होता म्हणून उतरला, हे रोगी कसे सांगणार? विकणारा जाणतो आणि घेणारा जाणत नाही, अशी ही जगावेगळी बाजारपेठ आहे. केनेथ ॲरो या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९६३ साली एका निबंधात हेच दाखवून दिले की, वैद्यकीय सेवेत अनिश्चितता आणि माहितीची विषमता एवढी मोठी असते की, इतर मालाच्या बाजाराचे नियम तिला जसेच्या तसे लागू पडत नाहीत. आणि असे असताना आपल्याला सांगितले जाते की, बाजार खुला आहे, हवा तो दवाखाना निवडा!

जेथे गुण पारखता येत नाही तेथे माणूस खुणांवरून पारख करू लागतो. इमारत उंच आहे, फरशी गुळगुळीत आहे, डॉक्टरांची गाडी मोठी आहे, सुई दिली, सलाईन लावले, म्हणजे उपचार भारी झाला अशी समजूत होते. नुसती गोळी लिहून देणारा प्रामाणिक डॉक्टर कमी प्रतीचा ठरतो. आपल्यापैकी अनेकांच्या घरी पूर्वी आजाऱ्यास देवऋषाकडे नेत आणि अंगारा लावीत. आपण ते सोडले आणि उत्तम केले. परंतु अंगाऱ्याच्या जागी सलाईनची बाटली आली आणि भोळेपणा तोच राहिला, तर आपण काय सोडले? साध्या अशक्तपणासाठी बाटली लावून घेण्यापूर्वी "ही कशासाठी?" असा प्रश्न ज्याने विचारला, त्यानेच अंगारा खऱ्या अर्थाने सोडला असे मी समजतो.

अज्ञानाचा लाभ घेणारी साखळीही असते. आपणांस एका डॉक्टरने दुसऱ्याकडे पाठवले, दुसऱ्याने तपासणीसाठी तिसरीकडे धाडले, तर प्रत्येक वेळी ते आपल्या हितासाठीच असेल असे नाही. भारतीय आयुर्विज्ञान परिषदेच्या २००२ च्या विनियमांनी रुग्ण पाठवल्याबद्दल दलाली देणे व घेणे या दोन्ही गोष्टींस मनाई केलेली आहे. मनाई करावी लागली यातच सर्व काही आले.

उत्पन्न आणि अज्ञान हे दोन्ही पाय एकत्र आले म्हणजे काय होते, याचे उदाहरण आपल्याच राज्यात आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या प्रश्नावर २०१९ साली शासनाने समिती नेमली. तिच्यापुढे आलेल्या पाहणीत ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ स्त्रियांची गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया झालेली आढळली. त्यांपैकी पुष्कळजणी ऐन तारुण्यात होत्या. हे कसे घडले? मुकादमाकडून उचल घेऊन नवराबायको कोयत्यावर जातात. एक दिवस खाडा पडला तर दंड बसतो. फडावर ना आडोसा ना पाणी. पोटात दुखते म्हणून बाई दवाखान्यात गेली की तिला सांगितले जाते, "पिशवी खराब आहे, ठेवलीस तर कॅन्सर होईल." तिच्याजवळ दुसऱ्या डॉक्टरचा सल्ला घेण्यास पैसा नाही, वेळ नाही आणि असा सल्ला घेता येतो हे ठाऊकही नाही. ती कर्ज काढून शस्त्रक्रिया करून घेते. तिच्या कागदावर तिची संमती असते. मी कायद्याचा माणूस आहे. त्या कागदास मी संमतिपत्र म्हणेन, पण संमती म्हणणार नाही.

एक आक्षेप

येथे एखादा तरुण उठून मला विचारील, "वकीलसाहेब, रोग दारिद्र्याचा आहे आणि तुम्ही औषध माहितीचे देता. पैसा नसेल तर माहितीचे काय करावयाचे? आणि माहिती नव्हती म्हणून फसलात, असे सांगून तुम्ही गरिबालाच दोष देत नाही काय?"

प्रश्न रास्त आहे. त्यास माझे उत्तर असे. दोष गरिबाचा नाही. संविधानाच्या ४७ व्या अनुच्छेदाने सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य मानले आहे. कलकत्त्याकडील एक शेतमजूर जुलै १९९२ मध्ये गाडीतून पडला आणि त्याच्या डोक्यास मार लागला. एकामागून एक शासकीय रुग्णालयांनी त्यास खाट नाही किंवा सोय नाही म्हणून परत पाठवले; अखेर तो खासगी रुग्णालयात गेला आणि तेथील खर्च त्याच्या माथी बसला. त्याच्या संघटनेने दाद मागितली तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली निर्णय दिला की, वेळेवर उपचार न मिळणे हा अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचा भंग आहे आणि पैशाची अडचण सांगून राज्यास हे कर्तव्य टाळता येणार नाही. त्यास पंचवीस हजार रुपये भरपाई देण्याचा आदेश झाला. तो मनुष्य खासगी रुग्णालयात गेला ही त्याची निवड होती काय? सर्व दारे बंद झाल्यावर जे दार उरले त्यात तो शिरला. तेव्हा राज्याकडे अधिक डॉक्टर, अधिक खाटा आणि माणुसकीची वागणूक मागण्याचे काम आपण सोडावयाचे नाही.

परंतु दुसरी गोष्टही तेवढीच खरी आहे. लढे देऊन काही दारे कायद्याने उघडली गेली आहेत, आणि ती दारे केवळ जाणत्यासाठी उघडतात. दारावर दरवान उभा असतो आणि तो विचारणाऱ्यासच आत सोडतो. माहिती हा पैशाचा पर्याय नव्हे. तथापि ज्याच्याजवळ पैसा नाही त्यास माहितीची गरज श्रीमंतापेक्षा कितीतरी अधिक आहे. श्रीमंताची चूक त्याच्या पैशाने झाकली जाते. आपली चूक आपल्या मुलीच्या शिक्षणातून वसूल होते.

चार दारे

म्हणून महाराष्ट्रातील चार दारे आपण नीट ध्यानात ठेवावीत.

पहिले दार शासकीय आरोग्यसेवेचे. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांपासून जिल्हा रुग्णालयांपर्यंत तपासणी व उपचार १५ ऑगस्ट २०२३ पासून निःशुल्क करण्यात आले. वैद्यकीय महाविद्यालयांची व महापालिकांची रुग्णालये या निर्णयात येत नाहीत, हा भेद लक्षात ठेवावा. आणीबाणीच्या वेळी १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका मोफत मिळते. ती बोलावली म्हणजे रिक्षावाल्याने रुग्णालय निवडण्याचा प्रश्न उरत नाही.

दुसरे दार महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे. ही योजना २०१२ साली निराळ्या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली, २०१३ साली राज्यभर पसरली आणि २०१७ साली तिला आजचे नाव मिळाले. २०२३ साली शासनाने ती सर्व शिधापत्रिकाधारक कुटुंबांस लागू करण्याचा आणि दर वर्षी दर कुटुंबास पाच लाख रुपयांपर्यंत संरक्षण देण्याचा निर्णय केला. परंतु ती सर्वच रुग्णालयांत चालत नाही. केवळ अंगीकृत रुग्णालयांत आणि यादीतील आजारांपुरतीच चालते. तेथे 'आरोग्यमित्र' बसतो. आत जाताच प्रथम त्याची चौकशी करा. पैसे भरून झाल्यावर नव्हे.

तिसरे दार धर्मादाय रुग्णालयांचे, जे मला २००९ साली दिसले नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० यातील कलम ४१ कक आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेली योजना यांनुसार अशा रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवावयाच्या असतात. त्याचा खर्च भागवण्यास त्यांनी एकूण देयकांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत टाकावयाची असते. उत्पन्नाची मर्यादा वेळोवेळी वाढत गेली असून अलीकडे ती निर्धनांसाठी वार्षिक १ लाख ८० हजार आणि दुर्बल घटकांसाठी ३ लाख ६० हजार रुपये झाली आहे. शिधापत्रिका किंवा तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला लागतो. "खाटा भरल्या आहेत" असे उत्तर मिळाले, तर ते लेखी मागावे आणि धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात तक्रार करावी. लेखी उत्तर मागितल्यावर रिकामी खाट सापडल्याची उदाहरणे मी स्वतः पाहिली आहेत.

चौथे दार तातडीचे, आणि त्यास कोणताही दाखला लागत नाही. १९८९ साली परमानंद कटारा यांच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, जखमी माणसाचा जीव वाचवणे हे प्रत्येक डॉक्टरचे, मग तो सरकारी असो वा खासगी, पहिले कर्तव्य होय. पोलिसांचे कागद मागाहून. तेव्हा रक्त वाहत असताना कोणी कागदाची सबब सांगितली तर हा निर्णय नावानिशी सांगावा.

आत गेल्यानंतर

दार उघडून आत गेलो म्हणजे आपले हक्क बाहेर राहिले, असे नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली समीरा कोहली यांच्या खटल्यात निर्णय दिला की, तपासणीस दिलेली संमती ही शस्त्रक्रियेस दिलेली संमती ठरत नाही. उपचार कोणता, त्यास पर्याय कोणते, धोके कोणते, हे रोग्यास पुरेसे समजावून सांगूनच संमती घ्यावी लागते. वरील २००२ च्या विनियमांनुसार रोग्याने मागितल्यापासून ७२ तासांत त्यास उपचाराचे कागद द्यावे लागतात. महाराष्ट्रात २०२१ साली शुश्रूषागृहांच्या नियमांत दुरुस्ती होऊन दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागी लावणे बंधनकारक झाले. आणि १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की, पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत येते. जेथे काही जणांकडून पैसे घेतात व काही गरिबांना फुकट तपासतात, तेथील फुकट रोग्यासही ग्राहकाचा हक्क आहे. फुकट खाटेवर निजलेला माणूस भिकारी नव्हे. तो हक्कदार आहे. हे त्याने स्वतः मनात धरले तरच इतर लोक धरतील.

माझे बोलणे डॉक्टरांविरुद्ध आहे असा गैरसमज होऊ नये. रात्रंदिवस खपणारे निःस्वार्थी डॉक्टर मी शासकीय रुग्णालयांत पाहिले आहेत, तसेच खासगीतही पाहिले आहेत. चांगला डॉक्टर प्रश्न विचारणाऱ्या रोग्यावर रागावत नाही. प्रश्नाने ज्याचा संताप होतो, त्याच्याविषयी मात्र सावध असावे.

आजपासून करावयाचे काम

शेवटी कृतीची गोष्ट सांगतो. आजारपण आल्यावर माहिती मिळवावयास वेळ नसतो. ज्याच्या छातीत कळ आली आहे त्याचा मुलगा त्या क्षणी कलमे वाचीत बसू शकत नाही. विहीर आग लागण्यापूर्वी खणावयाची असते.

म्हणून प्रत्येक कुटुंबाने एक पत्र्याचा डबा ठेवावा. त्यात शिधापत्रिका, आधारपत्र, चालू वर्षाचा उत्पन्नाचा दाखला आणि पूर्वीच्या आजारांचे कागद असावेत. तहसील कचेरीतील दाखल्यास दिवस लागतात. तो घरात कोणी आजारी नसतानाच काढून ठेवावा. डब्याच्या झाकणावर आतून कागद चिकटवावा आणि त्यावर जवळचे आरोग्य केंद्र, जवळचे अंगीकृत रुग्णालय, जवळचे धर्मादाय रुग्णालय आणि १०८ हा क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहावा. हा डबा कोठे आहे हे घरातील शाळकरी मुलासही ठाऊक असावे.

प्रत्येक वस्तीतील शिकलेल्या दोन तरुणांनी, त्यांत एक मुलगी अवश्य असावी, एक वही घालावी. परिसरातील कोणत्या डॉक्टरचा नोंदणी क्रमांक त्याच्या चिठ्ठीवर असतो व कोणाचा नसतो, कोणत्या रुग्णालयात आरोग्यमित्र कोणत्या वेळी भेटतो, कोठे पैशाची पावती मिळते आणि कोठे मिळत नाही, याची तीत नोंद असावी. कोणी रुग्णालयातून परत आला की त्यास विचारावे: काय सांगितले, किती घेतले, कसे वागवले? एका घराने सोसलेला अनुभव दुसऱ्या घरास उपयोगी पडला, तर त्याचीच माहिती होते. आपल्या आईने दोन दुकानी भाव विचारला तो याच न्यायाने. आणि शस्त्रक्रियेचा सल्ला मिळाला व जीवास तात्काळ धोका नसला, तर दुसऱ्या डॉक्टरचे मत घेतल्यावाचून सही करावयाची नाही, असा वस्तीचा दंडकच असावा.

बंधुभगिनींनो, माझ्या बहिणीचा प्रवेश परत येणार नाही. ती आता वय उलटून गेलेली बाई आहे. परंतु आमच्या वस्तीतील ती वही आज तिच्याच हाती आहे. रात्रीबेरात्री कोणी दार वाजवले तर ती प्रथम डबा आणावयास सांगते आणि १०८ ला फोन लावते. गेल्या पावसाळ्यात एका विधवेच्या मुलास तिने धर्मादाय रुग्णालयात दाखल करविले. खिडकीवरील माणसाने अनामत मागितली, तेव्हा तिने शांतपणे विचारले, "निर्धन रुग्णांच्या खाटा किती, आणि त्यांतील रिकाम्या किती, ते लिहून देता का?" मुलगा दाखल झाला. त्याच्या आईच्या गळ्यातील मणी गळ्यातच राहिले.

आपण प्रत्येकाने हा एक प्रश्न विचारावयास शिकावे, एवढीच माझी आपणांस विनंती आहे.